चढून उतरलेला आकडा

सोमवार, ५ मार्च

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. वर जो शाईचा डाग दिसतोय, तो त्याचाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या कंपनीच्या नंबरवर एक गोड आवाजाची बाई दरवेळी मला विचारते, "मॅडम, आपल्याला कोणतं पॅकेज हवंय?" मला पॅकेज नको, भाऊ हवाय, तोही पाच मिनिटांपुरता. म्हणून चार वर्षांनी हे पत्र. तुझी खुशाली विचारायला लिहितेय असा गैरसमज करून घेऊ नकोस.

आईच्या घशाचं रेडिएशन चालू आहे. एकूण तीस सिटिंग, आठवड्याला पाच. आज अकरावं झालं. गाठ निघाली हे तुला मावशीकडून कळलं, आणि तू ताबडतोब धावून आलास, म्हणजे कुरिअरने. केशरी झाकणाची डबी, वर उगवता सूर्य, नाव 'कवच'. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. आई आता पाण्याचा घोट घेतानासुद्धा डोळे घट्ट मिटते. अर्धी वाटी कुस्करलेला बटाटा पोटात जायला पाऊण तास लागतो. पण तुझी बोटाच्या पेराएवढी गोळी ती गिळतेच. डोळ्यांतून पाणी येतं, तरी गिळते. मुलाने पाठवलीय ना.

तुझ्या डबीतलं पत्रक वाचलं. 'ऑक्सिडेशन म्हणजे शरीराला लागणारा गंज.' आई काय लोखंडी खाट आहे? असली वाक्यं तू गिऱ्हाइकांसाठी ठेव. तुला खरं काय ते माहीत आहे, कारण ते मीच तुला शिकवलंय. तेलाला हवा लागते, ऊन लागतं, तांब्याची तोटी लागते, आणि तेलातली चरबी हवेतला ऑक्सिजन घेऊन बिघडायला लागते. एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. आपल्या पेशींची आवरणंही चरबीचीच, त्यामुळे तिथेही हाच उद्योग चालतो, आणि अँटिऑक्सिडंट ही साखळी मध्येच तोडतं. इथवर तुझं पत्रक बरोबर आहे.

पुढचं तू खाऊन टाकलंस. रेडिएशनचं यंत्र काय करतं? ते किरण पेशीतल्या पाण्यातूनच तसले जहाल कण तयार करतात आणि त्या कणांनी गाठीच्या पेशी मारतात. तू ज्याच्यापासून आईला वाचवायला निघालास, त्याच्याच जोरावर तिचा उपचार चाललाय. तुझ्या गोळीला आईची पेशी कुठली आणि गाठीची कुठली हे कळत नाही. ती दोघींनाही कवच घालते.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी डबी हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं. म्हणाल्या, "फळं, भाज्या हव्या तेवढ्या खाऊ देत. हे एवढे मोठे डोस नकोत. नेमका किती फरक पडतो यावर आमच्यातही वाद आहेत, पण माझ्या आईवर मी ही जोखीम घेतली नसती." मी संध्याकाळी डबी कचऱ्यात टाकली. शनिवार-रविवार आईने माझ्या हातचं काही घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आज तुझी नवी डबी आली. आता ती तिच्या उशीखाली आहे.

तिचा आवाज गेलाय, नुसती कुजबूज उरलीय, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. तू तिला दोन ओळी लिही: 'आई, गोळ्या बंद कर.' माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. हे लिहिताना मला किती आनंद होतोय याची कल्पना तुला असेलच.

आईची मुलगी
(तुझी कोण, ते तू ठरव.)


शुक्रवार, ९ मार्च

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, अट. "ताई, चार नंबरच्या टाकीचं आईला खरं सांग. मग गोळ्यांचं बोलू."

लाज वाटली नाही तुला? आई तिथे टेबलावर तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून पडते, हलायचं नाही, गिळायचं नाही, आणि तू सौदे करतोस! पंधरा सिटिंग झाली. निम्मी संपली. तिची जीभ सोलवटलीय. मी रोज सकाळी तिला धरून नेते, बाहेरच्या बाकावर बसते, धरून आणते, मग कारखान्यात जाऊन तेलं तपासते. तू काय करतोस? चिकटपट्टी लावून खोकी पाठवतोस.

टाकीचं म्हणशील तर त्यात सांगायचंय काय? सगळं तक्त्यावर आहे. रोज सकाळी दहाला वास घ्यायचा हा आपल्या लॅबचा नियम. त्या दिवशी साबण लावायचा नाही, अत्तर नाही, चहासुद्धा नंतर. छोट्या पेल्यात कोमट तेल, वर काचेचं झाकण, झाकण सरकवून एकदाच हुंगायचं. लोक तुला 'नाक' म्हणायचे आणि मला 'आकडेबाई'. तुला त्याचा फार गर्व होता. नाकाने कांदे सोलायचास नुसते. मी मात्र पेरॉक्साइडचा आकडा काढल्याशिवाय टाकी सोडायची नाही. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचा, निळा रंग गेला की थांबायचं, आकडा लिहायचा. दहाच्या आत आला तर तेल चांगलं. चार नंबरचा आकडा दोन आला होता. दोन! त्याहून चांगलं तेल त्या महिन्यात आलं नव्हतं.

आणि वासाच्या रकान्यात 'ठीक' हा शब्द तुझ्या अक्षरात आहे. मी लिहिलेला नाही. बिस्किटवाल्यांनी सगळा माल परत पाठवला, बिस्किटं तोंडात धरवत नव्हती म्हणे, तेव्हा चौकशीत तोच कागद पुढे आला. तू म्हणालास, "ताईने लिहायला सांगितलं." मी म्हणाले, मला आठवत नाही. आजही मी तेच म्हणेन. त्या दिवशी अठरा नमुने होते, कुणाला काय म्हटलं ते कसं आठवणार?

तुझी एक गोळी मी कारखान्यात नेली होती. आईच्या डबीतून काढली, हो, चोरली. टाचणीने फोडली, आतलं तेल तपासलं. खवट निघेल अशी फार आशा होती. पेरॉक्साइड स्वच्छ, पुढची चाचणीही स्वच्छ. मग हुंगून पाहिलं, तर वासही स्वच्छ. माल चोख आहे तुझा. फसवा असता तर मी इतकी घाबरले नसते. पत्रकात लिहिल्याप्रमाणे तो खरंच काम करतो, हीच भीती आहे.

आणि मात्रा? टनभर तेलात आपण दोनशे ग्रॅमच्या वर कधी घातलं का रे अँटिऑक्सिडंट? जास्त घातलं तर काही काही उलटं काम करतात, हे तूच नव्या पोरींना तोंड भरून सांगायचास. आता आईच्या वेळेला कुठे गेलं ते ज्ञान?

सोमवारपर्यंत तिला पत्र आलं पाहिजे. अटी घालायची ही वेळ नाही.

ताई
(सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद फाटेल.)


बुधवार, १४ मार्च

पत्र आलं नाही. डबी आली. तिसरी.

ठीक आहे. तुझी जीत झाली. काल सिटिंगनंतर आईला घरी आणलं, खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. तुला प्रत्येक शब्द हवा असणार, म्हणून लिहिते.

मी म्हटलं, आई, तुझ्या मुलाची नोकरी गेली ती त्याच्या चुकीने नाही. त्या दिवशी त्याने झाकण सरकवलं आणि तोंड फिरवलं. म्हणाला, "ताई, हे गेलंय." मी आकडा दाखवला. तो म्हणाला, "दोन आहे म्हणूनच गेलंय. हा आकडा चढून उतरलाय." आईला यातलं काही कळेना, म्हणून समजावून सांगितलं. तेल बिघडायला लागलं की पेरॉक्साइड वाढत जातं. खूप वाढलं की तेच फुटतं आणि त्याच्यातून खवट वासाचे पदार्थ तयार होतात. मग आकडा खाली येतो. ताज्या तेलाचाही आकडा दोन आणि पार गेलेल्या तेलाचाही दोन. नुसत्या कागदावरून फरक कळत नाही, नाकाला कळतो. टाकी पाच आठवडे उन्हात उभी होती. मला हे माहीत होतं. त्या खवट पदार्थांची पुढची चाचणी केली असती तर तासाभरात समजलं असतं. पण टँकर दारात उभे होते, मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते, आणि मी शिकवलेला माझा धाकटा भाऊ त्यांच्यासमोर मला चूक ठरवत होता. मला राग आला. मी म्हटलं, "नाक घरी ठेव आणि 'ठीक' लिही." त्याने लिहिलं, कारण मी त्याची ताई होते.

चौकशीत मला सगळं आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता.

झालं समाधान? आता पुढचं ऐक. मला वाटलं होतं आई रडेल, नाहीतर मला बोलेल. तिने खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे त्याचंच बरोबर होतं."

मी म्हटलं, हो.

"आणि तू कागद बघून बोलत होतीस."

मी म्हटलं, हो आई.

"आणि आताही कागद बघूनच बोलतेयस."

तिने उशीखालची डबी काढली आणि माझ्यासमोर दोन गोळ्या गिळल्या. एक अडकली. ठसका लागला, तोंड लाल झालं, मी पाणी घेऊन धावले तर तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः प्याली. माझ्या बोलण्यावर तिचा जो काही थोडाफार विश्वास होता, तो तुझ्या अटीपायी काल मी माझ्या हाताने घालवला. आता तिच्या लेखी तू चारही बाजूंनी खरा आणि मी लबाड.

तू खरा होतास. टाकीच्या बाबतीत. गोळीच्या बाबतीत नाहीस, आणि हेही तुला कळतं, कारण कळत नसतं तर तू अट न घालता सरळ वाद घातला असतास. तुला कळतं की नाही? माझ्यावर सूड उगवायचाय ना? उगव. आई मध्ये पडलीय तेवढी बाजूला कर आधी.

अठरा झाली.

ताई


शुक्रवार, १६ मार्च

हे पत्र आईचं आहे. अक्षर माझं, कारण तिचा हात थरथरतो. तिने बजावलंय की एक शब्द गाळायचा नाही. माझं म्हणणं मी कंसात लिहीन.

बाळा, तुझं पत्र येत नाही. डबी येते. तुझ्या बहिणीने मला टाकीची गोष्ट सांगितली. ती वाईट वागली. ती लहानपणापासून अशीच आहे, पट्टी घेऊन वहीत रेघा मारायची आणि रेघ चुकली की तुला चापट मारायची. (मारायची. दोनदा.) मी तिला माफ केलेलं नाही. इथे ती माझं सगळं करते, अंघोळ घालते, घसा धुऊन देते, पण तिचा चेहरा सदा आंबलेला. (अडीच तास झोप मिळते, चेहरा कसा असणार.) तिला असं वाटतं की मी गोळ्या घेते म्हणजे मला काही समजत नाही.

मला समजतं. डॉक्टरीणबाई माझ्याशीही बोलल्या. त्या नको म्हणाल्या ते मी ऐकलं. पण डबीच्या खोक्यावर तुझ्या हाताने पत्ता लिहिलेला असतो. तो बघितला की कळतं, माझा मुलगा धडधाकट आहे आणि त्याने आज माझी आठवण काढली. मी गोळ्या बंद केल्या असं तुला कळलं तर तू डब्या बंद करशील. मग माझ्याकडे तुझं काय राहील? चार वर्षांत तू या घरी आलेला नाहीस. तुझ्या बहिणीने येऊ नको म्हटलं असेल. (म्हटलं होतं. दारात उभं राहून, शेजारी ऐकतील अशा आवाजात.) घर माझं आहे. तिचं नाही.

म्हणून मी सांगते. तू ये. तुझ्या तोंडाने मला सांग की गोळ्या नकोत, आणि तुझ्या हाताने डबी उचलून ने. मग मी घेणार नाही. तोवर घेत राहीन. तुम्हा दोघांना कळू दे.

आईचं संपलं. ती थकून झोपलीय.

आता माझं. वीस झाली. दहा उरली. मी दोन आठवडे तिला समजावत बसले, आणि ती सगळं समजूनच गिळत होती. तू येत नाहीस म्हणून गिळत होती. हे वाचूनही आला नाहीस, तर तुझ्यात आणि माझ्यात काही फरक उरला नाही असं मी धरून चालेन, आणि हा मी तुझा केलेला सर्वांत मोठा अपमान आहे.

रविवारी ये. दार मीच उघडणार, दुसरं कोणी नाही. माझ्याशी बोलायची गरज नाही.


सोमवार, १९ मार्च

तू गेल्यावर आई दूध प्याली. पेलाभर. तुला माहीत नाही म्हणून कळवते. मग म्हणाली, "बारीक झालाय." मी म्हटलं, मला नाही वाटत. यावर आमचं थोडं भांडण झालं आणि तिला ते आवडलं.

तू तिच्याजवळ बसला होतास तेव्हा मी स्वयंपाकघरात एकच पातेलं तीनदा घासत होते. कान तिकडेच होते. तिने विचारलं, "या वाईट आहेत का रे?" आधी डबीतल्या गोळ्या खुळखुळल्या. मला वाटलं, आता हा स्वतःचा माल वाचवणार. पण तू म्हणालास, "चांगल्या आहेत आई, पण आत्ता तुझ्यासाठी नाहीत. मी पाठवायला नको होत्या." एवढंच. दोन आठवडे मी पेशी, कण, किरण करत बसले होते. तुझा मला इतका राग आला की पातेलं आपटलं. तो आवाज त्याचा होता.

आज एकविसावं झालं, गोळीशिवाय पहिलं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मी विचारलं, आधीच्या वीस सिटिंगचं काय? त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही. कदाचित काहीच फरक पडला नसेल, कदाचित पडला असेल. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी तपासणी करू, पण गाठीचा अंश राहिलाच तर तो गोळ्यांमुळे की आणखी कशामुळे, हे तेव्हाही कुणी सांगू शकणार नाही." हे मोजायची चाचणी नाही. मी दोनदा विचारलं.

काल जिन्यात तू मला एकच प्रश्न विचारलास. "डबी तुला पहिल्यांदा कधी दिसली?" मी म्हटलं, पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन-तीन दिवस आधी. तू मान हलवून गेलास.

खोटं सांगितलं. डबी मला पहिल्या सिटिंगच्या सकाळी दिसली. १९ फेब्रुवारी. आईच्या पिशवीत रिपोर्ट ठेवताना. मी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि तिथल्या तिथे मला समजलं काय आहे ते. तीस वर्षं हेच करतेय, मला न समजून कसं चालेल? दवाखान्यात नर्सने फॉर्म भरताना विचारलं, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का? मी म्हटलं, नाही. आईला नीट ऐकू गेलं नाही. आणि त्यानंतर रोज मी बाहेरच्या बाकावर बसून ठरवत होते की आज बोलायचं. बोलले असते तर आई म्हणाली असती, त्याला विचार. मग तुला फोन करावा लागला असता, तुझ्या दारात जावं लागलं असतं, आणि तू टाकीचं काढलं असतंस. शुक्रवारी, २ मार्चला, आईने स्वतः डॉक्टरीणबाईंसमोर पिशवीतून डबी काढली तेव्हा माझा नाइलाज झाला. मी शोधून काढली नव्हती. मी उघडी पडले होते.

तोवर दहा सिटिंग होऊन गेली होती. नंतरच्या दहांबद्दल तुला बोल लावायचा मला हक्क आहे आणि मी लावीन, जन्मभर लावीन. पहिली दहा माझी आहेत. तुझ्याशी बोलावं लागू नये म्हणून मी आईला दहा दिवस त्या गोळ्या गिळू दिल्या.

हे मी शनिवारी सकाळी तिला सांगणार आहे. एकटीने सांगायची हिंमत नाही. तू ये.